सिनेमातल्या डायव्हरले ओरडणारा माणूस

पडद्यावर घाट होता अन् घाटात जीप होती. हिरोनं एका हातानं स्टिअरिंग धरलं होतं, दुसऱ्या हातानं तो हिरोईनच्या तोंडावरचे केस सारून राहिला होता. गाणं रंगात आलं होतं. अमरावतीच्या त्या टॉकीजमधले सगळे पोट्टे पार लोण्यासारखे वितळून बसले होते. तेवढ्यात माह्या बाजूच्या खुर्चीवरून आवाज आला,

"अबे, समोर पाह्य! समोर!"

सगळ्या टॉकीजच्या माना आमच्याकडे वळल्या. हिरो काही समोर पाहे ना. तो हिरोईनच्या डोळ्यातच पाहून राहिला होता.

"बाई, तू तरी सांग त्याले! वळण येऊन राहिलं!"

मंग जे लोक हसले, ते गाणं संपेपर्यंत हसतच होते. टॉर्चवाला धावत आला. "काका, खाली बसा ना."

"मी बसलोच हाय. तू त्याले थांबव."

हे इंगोले काका. आमच्या भिंतीले भिंत लागून यांचं घर. बत्तीस वर्षं एसटीत डायव्हर होते, अन् निवृत्त झाल्यावर त्याइनं एकच काम धरलं. सिनेमा, मालिका, कादंबरी, गेम, जे भेटन ते पाहाचं अन् वाचाचं, अन् त्यातल्या डायव्हरले ओरडाचं.

त्या दिवशीचा सिनेमा अजून संपला नव्हता. व्हिलननं हिरोच्या जीपचे ब्रेक कापले. बाया पदर तोंडात धरून बसल्या. काका मात्र एकदम शांत झाले. त्याइचा आवाजच बदलला, डेपोत नवीन पोट्ट्याले शिकवतात तसा. "घाबरू नको. गिअर उतरव. तिसऱ्यावर घे. आता दुसऱ्यावर. डोंगराच्या बाजूले घास गाडी, दरीकडे नको... अबे हात काय जोडून राहिला!"

हिरोनं गिअर काही उतरवला नाही. त्यानं हिरोईनले कवेत घेतलं अन् जीपमधून उडी मारली. जीप दरीत गेली. टॉकीजमध्ये शिट्ट्या, टाळ्या. काका उभे राहिले.

"गाडी सोडली? चालती गाडी सोडून उडी मारली यानं?"

अन् जे बाहेर निघाले, ते मंग आत आलेच नाही. मी आपला तिकिटाच्या मोहापायी दहा मिनिटं बसलो, मंग मी बी बाहेर आलो. काका टपरीवर चहा फुंकून राहिले होते.

"नकल्या," ते मले म्हणाले, "जो गाडी सोडते तो हिरो नसते. पाशिंजर असते तो."

नकल्या हे माह्यं काकानं ठेवलेलं नाव. गणपतीत, गॅदरिंगमध्ये मी नकला करत असो. मास्तरच्या, नगरसेवकाच्या, भाजीवालीच्या. एका वर्षी हिंमत केली अन् काका समोर बसले असतानाच काकाची नकल केली. सगळी कॉलनी पोट धरून हसली. काका हसले नाही. संपल्यावर उठले अन् सगळ्यासमोर म्हणाले, "बाकी बराबर हाय. पण वळणावर तू हॉर्न दोनदा वाजवला. मी एकदाच वाजवतो." मी मान खाली घातली. आज चार गावचे लोक मले नकला कराले बोलावतात, पण माणसाची नकल करायच्या आधी त्याले नीट पाहा लागते, हे मले त्या एका हॉर्ननं शिकवलं. काकाचे उपकार तिथूनच मोजा.

काकाची पसंती-नापसंती सांगाची पद्धत वेगळी होती. चांगलं, वाईट, असे शब्द नाही. त्याइच्या लेखी गोष्टी म्हणजे एसटीच्या गाड्या. मारामारीचा सिनेमा म्हणजे जलद. लव्ह स्टोरी म्हणजे निमआराम, "नावातच आराम, बाकी पाठ मोडते." संध्याकाळची मालिका म्हणजे साधी गाडी, "कोणी बी हात दाखवला की थांबते अन् कोणाले बी चढवते." अन् एखादा सिनेमा फारच टुकार निघाला, तं हात झटकून म्हणत, "ब्रेकडाऊन. दुसरी गाडी पाहा."

दिसाले काका काही खास नव्हते. बुटके, रुंद, खाकीची सवय गेली नाही म्हणून घरी बी खाकी हाफ पँट. उजवा हात डाव्यापेक्षा जास्त काळा, खिडकीच्या उन्हानं. आवाज मात्र असा की गल्लीच्या तोंडाशी बोलले तं आमच्या घरच्या दुधावरची साय हालावी.

असा हा सगळ्या जगाच्या डायव्हरले ओरडणारा माणूस, अन् त्या वर्षी त्याइच्या घरातच एक डायव्हर तयार होऊन राहिली होती, तिले मात्र ते एक शब्द बोलत नव्हते.

त्याइची पोरगी मनी. मनीषा. माह्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, बी. ए. झालेली. नांदगाव खंडेश्वरले मामाच्या वावरात ट्रॅक्टर चालवाले शिकली होती. एसटीत बाया डायव्हर घेऊन राहिले, ट्रेनिंग बी देऊन राहिले, असं समजलं तं हिनं कोणाले न विचारता फॉर्म भरला. निवड झाली. कागद आला. सोमवारी ट्रेनिंगले हजर व्हाचं, अन् मधात आठ दिवस.

मनीनं कागद बापाच्या समोर ठेवला. काकानं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, घडी केली, टीव्हीवर ठेवला अन् टीव्ही लावला.

ना हो म्हणाले, ना नाही म्हणाले. मनी जिद्दी होती, पण बापाच्या तोंडून हो आल्याशिवाय जाणार नव्हती. "चोरून फॉर्म भरला," ती माह्याजवळ म्हणाली, "चोरून गाडी नाई चालवणार मी." काकू आमच्या घरी येऊन आईजवळ रडल्या. आईनं मले पुढे केलं. "जाय रे, तुयं ऐकतात ते." माह्यं कोण ऐकते? मी आपला आठ दिवस काकाच्या मागं मागं फिरलो, की कधी तरी विषय निघन. आता सांगतो ते आधी त्या आठ दिवसातलं.

पहिल्या दिवशी काका वाचनालयात गेले. मी सोबत. तिथल्या बाईनं आमाले दारातच अडवलं. हातात एक रहस्यकथा होती.

"इंगोले, हे अक्षर तुमचंच ना?"

पान उघडून दाखवलं. कथेतला डिटेक्टिव्ह भर पावसात नागपूरहून निघते अन् दीड तासात अमरावतीत खुन्याच्या दारात उभा राहते. बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं होतं, "अशक्य. तळेगाव, तिवसा कुठं गेले? बाईलेच विचारा, त्याइचं माहेर तिवशाचं हाय."

बाई आधी लाल झाल्या, मंग हसू दाबत म्हणाल्या, "माहेर तिवशाचंच आहे, पण पुस्तकात लिहू नये."

"पुस्तकात कुठं लिहिलं बाई? बाजूले लिहिलं. रस्त्याच्या बाजूले बोर्ड राह्यते ना, पुढे वळण हाय, हळू चाला, तसं. मागून येणाऱ्याचं भलं होते."

बाईनं दुसरं पुस्तक उघडलं. त्या प्रेमकथेत नायिका स्टँडवर बसून प्रियकराची वाट पाहते. दोन पानं तिचे अश्रू. बाजूले काका: "चौकशी खिडकीवर विचारलं का?"

बाई रागवाच्या सोडून म्हणाल्या, "एक सांगू का? लोक आता विचारतात, इंगोल्यांनी वाचलेली प्रत आहे का म्हणून."

काका खूश झाले. मले वाटलं, आता मूड चांगला आहे. परत येताना हळूच म्हणलं, "काका, मनीताई बी चांगली चालवते म्हणे ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टरच्या मागं चाळीस जीव नसतात," काका म्हणाले अन् पुढे चालू लागले. आठ दिवसात मनीच्या विषयावर पहिलं वाक्य निघालं ते हे.

मधल्या दिवसात मालिका. आमच्या गल्लीत सगळ्याच घरी तीच लागे. मोठा बंगला, तीन सुना, एक विधवा आत्या. काकू त्या सुनांसाठी पाहत. काका त्या बंगल्याच्या डायव्हरसाठी पाहत. पांढरा ड्रेस घालून तो गाडीजवळ उभा राही. दोन वर्षांत त्याले एकच डायलॉग होता, "जी मालक."

"पाहा ना, कशी रडून राहिली बिचारी," काकू म्हणाल्या.

"ते रडणं उद्या बी चालू राहीन. त्या मांगच्या डायव्हरले पाह्य. सकाऊनपासून उन्हात उभा हाय. कोणी पाणी दिलं त्याले? थांबलेला डायव्हर बी ड्युटीवरच राह्यते, हे कोणाले समजत नाई."

मनी दाराच्या चौकटीले टेकून उभी होती. "मी बी सकाऊनपासून उभीच हाय, बाबा."

काकानं रिमोट घेतला अन् आवाज वाढवला.

काकूचा तोल गेला. "टीव्हीतला डायव्हर दिसते तुमाले, घरातली नाई दिसत? त्या मेल्याले पाणी पाजाले निघाले!"

काका जेवणाचं ताट अर्धवट सोडून अंगणात आले. मी भिंतीच्या या बाजूनं सगळं ऐकतच होतो. मी दिसलो तं म्हणाले, "काय ऐकून राहिला बे?"

"काही नाही काका. नकलेसाठी."

ते ओट्यावर बसले. मंग आपणच बोलाले लागले, माह्याकडे न पाहता.

"एकदा जंगलातल्या सेमाडोहची गाडी होती माह्याकडे. रात्रीचा मुक्काम. मी टपावर झोपलो, कंडक्टर आत. पहाटे उठून पाह्यतो तं अस्वल. गाडीच्या खाली फिरून राहिलं. मले लघवीले लागली होती नकल्या, अन् तीन तास मी टपावर. कंडक्टर आतून म्हणे, इंगोले, हॉर्न वाजवा. अबे हॉर्न खाली हाय, मी वर हाय!" आम्ही दोघंही हसलो. मंग ते हसता हसता थांबले. "मनी कुठं झोपन? कुठं जाईन? पाय सुजतात, पाठ जाते. घाटात मागून पोट्टं रडून राह्यते, समोर ट्रक आंगावर येते. सिनेमात उडी मारता येते. इथं नाई येत."

आता मले समजलं. ते नाही म्हणून राहिले नव्हते. ते भ्याले होते. बत्तीस वर्षं चालवताना भ्याले नसतीन तेवढे.

शनिवार गेला. रविवारी काका जुबेरच्या दुकानात जाऊन बसले.

जुबेर म्हणजे माह्या वर्गातला. कॉलेज रोडले त्यानं गेमचं दुकान टाकलं होतं. एका कोपऱ्यात खरं स्टिअरिंग, खाली पेडल, समोर मोठा पडदा, अन् त्यात बस चालवाचा गेम. काकाले तो गेम मीच दाखवला होता, अन् जुबेर मले अजून शिव्या देते.

कारण काका गेममध्ये बी एसटीच चालवत. परदेशातलं कोणतं तरी शहर, गुळगुळीत रस्ते, काचेच्या इमारती. काका आधी जुबेरले विचारत, "टायर पाह्यले का?"

"काका, टायर नहीं है, गेम है."

"हवा पाह्य म्हणतो ना!"

जुबेर बिचारा स्टुलाखाली वाकून पाहाचं नाटक करे. मंग काका स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसत. गाडी काही काढत नसत. पाच मिनिटं झाली तरी बसलेलेच. पहिल्या दिवशी कोणालेच समजलं नाही. मंग काका वैतागून म्हणाले, "अबे, डबल बेल कोण देईन?" कंडक्टरनं दोन घंट्या दिल्याशिवाय त्याइनं जन्मात गाडी हालवली नव्हती. तेव्हापासून जुबेर काउंटरवर किल्लीनं टन टन वाजवे. "चलो काका, दरवाजा बंद. अकोला, अकोला!"

रस्त्यात कोणी हात दाखवला की काका थांबत. गेमचे नियम वेगळे. स्टॉप सोडून थांबलं की मार्क कापले जात. "म्हातारीनं हात दाखवला, थांबू नाई?" काका पडद्याले विचारत. सिग्नल लागला की इंजिन बंद, डिझेल वाचलं पाह्यजे. वेळेच्या आधी पोचले तं गावाबाहेर गाडी उभी करून बसत. गेममधले पाशिंजर चिडून लाल तोंडं करत, अन् मागे लाइनीत उभे कॉलेजचे पोट्टे बी. भिंतीवर जुबेरनं स्कोअरचा कागद लावला होता. सगळ्यात खाली रोज एकच नाव: इंगोले काका. उणे बासष्ट.

"पण एक बी पाशिंजर नाई पडला," काका म्हणत. "हे लिही ना बाजूले."

त्या रविवारी दुपारी काका असेच चालवून राहिले होते. मी अन् जुबेर मागे. दार उघडलं अन् मनी आत आली. ओढणी गळ्याले गुंडाळलेली, तोंड उतरलेलं.

"बाबा, उद्या सोमवार हाय."

काकानं गाडी बाजूले घेतली, इंडिकेटर दिला, थांबवली. मंग उठले. खुर्ची रिकामी झाली अन् मनी सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली.

"ए, ताई चलाएगी!" एक पोट्टं ओरडलं.

जुबेरनं माह्याकडे पाह्यलं, मी त्याच्याकडे. त्यानं किल्लीनं टन टन केलं. मनीनं गाडी काढली.

ट्रॅक्टर चालवणारी पोरगी ती. सुरुवात झटक्यानं झाली. पहिल्या वळणावर फुटपाथवर चाक चढलं. दुसऱ्या वळणावर खांब घासला. मागच्या पाशिंजरची तोंडं लाल. पोट्टे खिदळाले लागले. अन् काका? काका तिच्या मागे उभे. हाताची घडी. तोंड बंद.

ज्या माणसानं टॉकीजमध्ये हिरोले सोडलं नाही, पुस्तकातल्या डिटेक्टिव्हले सोडलं नाही, तो माणूस चूप उभा. जुबेरलेच सहन नाही झालं. "काका, कुछ तो बोलो यार."

मनीनं भर रस्त्यात गाडी थांबवली. मागे वळून पाह्यलं नाही. पडद्याकडेच पाहत बोलली.

"बाबा, तुमी जेवढ्या डायव्हरवर ओरडले ना, ते सगळे खोटे हाय. त्याइले तुमचं ऐकू बी येत नाई. मले येते. लहानपणापासून ऐकून राहिले मी. मग मायावरच काहून ओरडत नाई तुमी?"

पडद्यावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवून राहिल्या होत्या.

काकानं घडी सोडली. घसा साफ केला.

"आरसा," ते म्हणाले.

"काय?"

"आरसा पाह्यला नाई तू. वळाच्या आधी. डावा बी नाई अन् उजवा बी नाई." मंग एकदम धरणाचं दार उघडलं. "अन् क्लचवर पाय ठेवून काय पूजा करून राहिली? काढ तो पाय! रस्ता तुया बापाचा हाय का, अशी मधात उभी केली गाडी? घे बाजूले! हळू! पोटातलं पाणी हालू नाई पाशिंजरच्या. पुन्हा. अजून एकदा पुन्हा घे ते वळण!"

मनी रडत होती अन् वळण घेत होती. एक तास झाला, दोन झाले. लाइनीतले पोट्टे आपला नंबर इसरून गेले. काका ओरडले की ते बी ओरडत, "ताई, आरसा!" संध्याकाळी मनीचा स्कोअर कागदावर लिहिला गेला. उणे चाळीस. बापापेक्षा बावीस वर.

"पैसे राहू दे," जुबेर म्हणाला, "आज का शो हमारी तरफ से."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाच तिची बॅग घेऊन निघाले. काकूनं दही ठेवलं हातावर. काका ऑटोत बसता बसता बोलत होते, "अन् रात्रीच्या मुक्कामाचं..."

"मी पाहीन ना बाबा. तुमाले तरी कोणी गादी टाकून दिली होती?"

ट्रेनिंगच्या त्या महिन्यांत काका सिनेमे पाहत होतेच, पण आता तो अभ्यास झाला होता. माह्या मोबाइलवरून ते मनीले आवाज पाठवत. "मने, आज एक पाह्यला. त्यातला डायव्हर एका हातानं चालवते अन् दुसऱ्यानं फोनवर बोलते. शेवटी मरते. सिनेमावाले म्हणतात व्हिलननं मारला. मी म्हणतो फोननं मारला. जेवली का?" सगळ्या परीक्षणांच्या शेवटी हे "जेवली का" राही. मी मोठमोठ्या पेपरात सिनेमाचं लिहिलेलं वाचतो, पण असा शेवट कोणाचाच पाह्यला नाही.

मनी पास झाली. काही दिवसांनी अमरावती-अकोला गाडी तिच्याकडे आली. सगळी कॉलनी एकेक करून तिच्या गाडीत बसून आली. काकू दोनदा जाऊन आल्या, काम नसताना. काका नाही गेले. "पाय दुखतात," म्हणत. "गर्दी राह्यते," म्हणत.

मंग मले अकोल्याले नोकरी लागली. निघाच्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून माह्या दारात. "चाल नकल्या, तुले अकोल्यापर्यंत सोडून देतो. एवढ्या बॅगा तुले झेपाच्या नाई." बॅग एकच होती.

स्टँडवर मनी गाडीत बसलेलीच होती. खाकी शर्ट, घट्ट वेणी. बापाले चढताना पाह्यलं अन् एकदम सरळ झाली, साहेब तपासणीले आल्यासारखी. काकानं तिच्याकडे पाह्यलं नाही. समोरची जागा रिकामी असून तिसऱ्या लाइनीत खिडकीजवळ जाऊन बसले.

आमच्या पुढे एक धोतरवाले दादा होते. ते उभे राहून डोकावले अन् म्हणाले, "अरे बाप्पा, बाई हाय का डायव्हर? उतरू का काय?"

मी काकाकडे पाह्यलं. आता स्फोट होणार.

"उतरा ना," काका गोड आवाजात म्हणाले. "मले पाय पसराले जागा भेटन."

दादा बसले.

कंडक्टरनं डबल बेल दिली अन् गाडी निघाली. मी कान टवकारून बसलो होतो. एवढा मोठा काचेचा पडदा समोर, सत्तर इंची टीव्हीपेक्षा मोठा, अन् त्यात खरीखुरी डायव्हर. काका बोलतीन नाही तं काय? पण काका चूप. फक्त त्याइचा उजवा पाय चालू होता. मनीनं ब्रेक मारायच्या आधी तो खालच्या पत्र्यावर दाबला जाई. कधी मनीचा ब्रेक अर्ध्या सेकंदानं मागे राही, तेव्हा काकाचं बोट गुडघ्यावर वाजे. बडनेऱ्यापर्यंत हेच. पुढे एका ठिकाणी समोरून ट्रक चुकीच्या बाजूनं आला. गाडीतले सगळे दचकले. मनीनं न झटकता गाडी हळूच कडेले घेतली, ट्रक जाऊ दिला, मंग परत रस्त्यावर आली. धोतरवाल्या दादाच्या मांडीवरचा डबा बी सरकला नाही.

मी काकाकडे वळलो. पाय थांबला होता. ब्रेक लागत होते, गाडी वळत होती, पाय नाही. काकाचं डोकं खिडकीले टेकलं होतं. तोंड उघडं.

कंडक्टर तिकिटं फाडत आला अन् वाकून पाहाले लागला. "हे इंगोले ना बे?"

"हो."

"झोपले? अबे, हे कधी कोणाच्या गाडीत झोपले नाईत. माझ्यासोबत कितीदा पाशिंजर म्हणून आले, टक्क जागे. वरून मागून सूचना देत." तो पुढे जाऊन मनीच्या कानाशी काही तरी बोलला. मनीनं मान हालवली नाही. डोळे रस्त्यावरच. पण मूर्तिजापूर आलं तेव्हा गाडी स्टँडात इतकी हळू घेतली, की जशी एखादी माय झोपलेलं लेकरू खाटेवर ठेवते.

अकोल्याले सगळे उतरले. काका नाही उतरले. मी उठवाले हात लावला तं मनीनं खुणेनंच नाही म्हणलं.

"झोपू दे त्याइले. मी नोंद करून येते. वापस हीच गाडी अमरावतीले जाते."

"मले सोडाले आले होते ते," मी म्हणलं.

"हो ना," मनी हसली. "तूच जाय आता."

ती कंट्रोलच्या खिडकीकडे गेली. मी बॅग घेऊन खाली उतरलो अन् काकाच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. निरोप न घेता जाणं जिवावर आलं होतं. काकाले त्यानंतर मी पाह्यलं नाही. पुढच्या थंडीत काकूचा फोन आला तेव्हा मी गावाबाहेर होतो, अन् पोचलो तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळं माह्याजवळ शेवटचे काका म्हणजे ते खिडकीतले. काचेवर दाबलेला गाल, इस्त्री मोडलेला शर्ट, पायातून निघालेली एक चप्पल.

गाडीत अमरावतीचे पाशिंजर चढू लागले. एक म्हातारी पिशवी सांभाळत काकाच्या बाजूले आली.

"बाबा, अमरावतीच ना ही? बाई चालवते म्हणतात. बसू का?"

काकानं डोळे उघडले नाहीत. फक्त खिडकीकडे थोडे सरकले, तिले जागा केली.

"बसा माय," ते म्हणाले. "झोप येते या गाडीत."